माझ्या नावाचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटले तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुम्ही सगळ्याजणी जाणताच. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "भाजणी खमंग कशी होते ते सांगू का?" तर म्हणाल्या, "भाजणी आम्हा सगळ्यांना येते. तुम्ही धंद्याची सरकारदरबारी नोंद स्वतः कशी केलीत, ते सांगा." सातवी पास बाईने सरकारी नोंदणीवर भाषण करायचे म्हणजे थट्टाच म्हणायची. पण नाही म्हणवेना. कारण गेल्या वर्षभरात आपल्याच गल्लीतल्या चौघींनी मला भाजीच्या पिशवीसकट रस्त्यात अडवून हेच विचारले आहे. चौघींना चार वेळा सांगण्यापेक्षा एकदाच सांगितलेले बरे, म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

आमचा धंदा म्हणजे काय, तर थालिपिठाची भाजणी, कांदा-लसूण मसाला आणि उन्हाळ्यात सांडगे. २०११ साली शेजारच्या काकूंनी पुण्याच्या लेकीला पाठवायला म्हणून दोन किलो भाजणी करून घेतली, तिथून सुरुवात झाली. मग तिच्या शेजारणीला हवी, मग शेजारणीच्या नणंदेला. मसाला आमच्या सासूबाईंच्या हातचा. म्हणजे खरे तर त्यांच्या सासूबाईंचा. मिरची आणायची, देठ काढायचे, उन्हे द्यायची, डंकावर कुटून आणायची. सासूबाई खाटेवर बसून नुसत्या वासावरून सांगत, "धने कमी पडले." सांगलीत हळद-मिरचीला तोटा नाही, आणि हाताला कामाची सवय होती. आठ वर्षांत घरघंटी आली, तराजू आला, पाकिटे चिकटवायचे यंत्र आले. पण हा धंदा आहे असे कुणी म्हणत नव्हते. मी स्वतःही म्हणत नव्हते. "घरबसल्या थोडे काही करते," असे म्हणत होते. तुमच्यातल्या किती जणी अजून असेच म्हणतात, ते हात वर न करता मनातल्या मनात मोजा.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. त्याचे वर्णन तुम्हाला मी काय सांगू? आयर्विन पुलापाशी कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही माळ्यावर जेवढे चढवता आले तेवढे चढवले. श्रावण होता, पुढे गौरी-गणपती, म्हणून माल भरून ठेवलेला. एक पोते मिरची, धने, हरभरा डाळ, तांदूळ, बाजरी, सगळे भिजले. घरघंटीत गाळ शिरला. पाणी ओसरल्यावर घरात जो वास होता, तो मसाल्याचा आणि चिखलाचा मिळून असा काही होता की तो मला अजून मधूनच येतो.

पंचनाम्याला एक गृहस्थ आले. भला माणूस होता, पायांत गाळ, दोन दिवस झोप नसावी. घरातले भांडेकुंडे, गाद्या, कपाट लिहून घेतले. मी म्हटले, "साहेब, माझ्या धंद्याचं पण नुकसान झालंय." त्यांनी मान वर केली आणि विचारले, "धंद्याची कुठे नोंद आहे का? कागद?" मी गप्प झाले. कागद होता तो रेशनचा, त्यात माझ्या नावापुढे 'गृहिणी' असे लिहिलेले. त्यांनी घरघंटी घरगुती वस्तूंत लिहिली आणि मिरचीचे पोते 'धान्य' म्हणून लिहिले. त्यांचा काही दोष नव्हता. जे कागदावर नाही ते त्यांनी कोणत्या रकान्यात लिहायचे? पण आठ वर्षे ज्याच्यासाठी पहाटे उठले, ते एका मिनिटात 'धान्य' झाले. त्या दिवशी मी रडले नाही, रात्री रडले.

पुढे २०२० ची टाळेबंदी, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. त्या खेपेस मात्र आम्ही शहाणे होतो, पोती आधीच वरच्या मजल्यावर. कागदाचे काम तसेच राहिले. माणसाला दुखते तेव्हा आठवते, दुखायचे थांबले की विसरते, तसे.

२०२२ च्या दिवाळीत मिरजेच्या एका दुकानदाराने चाळीस किलो भाजणी घेतली आणि पाकिटावरच्या नावाचा धनादेश दिला. पाकिटावरचे नाव मी हौसेने घातलेले, त्या नावाचे खाते कुठे होते? बँकेतल्या बाई म्हणाल्या, "हे नाव धंद्याचं आहे. धंद्याच्या नावाचं चालू खातं काढा, मग भरता येईल. त्याला धंद्याच्या नावाचे दोन कागद लागतात. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दुकाने-आस्थापना कायद्याखालचा कागद आणलात तरी चालेल." बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी अजून माझ्या देव्हाऱ्याच्या खणात आहे.

आता चूक कुठे झाली ते सांगते. ओळखीचे एकजण झेरॉक्सच्या दुकानातून अशी कामे करतात. त्यांनी २,५०० रुपये सांगितले आणि म्हणाले, "घरातल्या कर्त्या माणसाचं आधार आणा, म्हणजे काम लवकर होईल." यांचे आधार नेऊन दिले. यांच्या फोनवर आकडे आले, यांनी ते फोनवरच वाचून दाखवले. चार दिवसांत रंगीत कागद हातात आला. मुलीने वाचला, ती तेव्हा अकरावीत होती. म्हणाली, "आई, हे तर बाबांच्या नावावर आहे. आणि धंदा 'किरकोळ विक्री' लिहिलाय."

यांना विचारले तर हसून म्हणाले, "अगं, घरातच आहे ना? माझं काय नि तुझं काय!" तसे पाहिले तर खोटे नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मी यांच्या पगाराचा हिशेब मागितला नाही आणि यांनी माझ्या डब्यातल्या पैशांचा. पण मला ते लागले. काय लागले ते धड सांगता येईना. सासूबाई खाटेवरून सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मसाला माझ्या सासूचा, हात हिचा, आणि नाव ह्याचं? त्याला मीठ किती पडतं ते तरी ठाऊक आहे का?" यांनी कान पकडले. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण नेमके बोट त्यांनीच ठेवले. आज त्या असत्या तर पहिल्या रांगेत बसल्या असत्या.

त्या कागदात दुसरीही खोट होती, ती मला पुढे कळली. तीही सांगते, कारण ती पैशाची आहे. उद्यम नोंदणीत उत्पादन, सेवा आणि व्यापार असे प्रकार आहेत. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून नोंद करू देतात, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. आपण माल स्वतः बनवतो, म्हणजे आपण उत्पादक. उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्यात असे आहे की माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि लेखी ठरवले तरी ती मुदत ४५ दिवसांच्या वर नाही. काहीच ठरलेले नसेल तर १५ दिवस. त्यापुढे गेला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दुकानदाराकडे उधारी अडकलेल्या बायका इथे किती आहेत, ते मी जाणते. एका चुकीच्या शब्दाने हे सगळे हातचे जाते, आणि तो शब्द २,५०० रुपये घेऊन लिहिला होता.

तेव्हा मी ठरवले की हे आपणच करायचे. यांच्या नावाची नोंद आधी रद्द केली. ती त्याच सरकारी संकेतस्थळावर रद्द करता येते. आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली.

भगिनींनो, उद्यमचा अर्ज वीस मिनिटांचा आहे. पण त्या वीस मिनिटांच्या आधी मला सात महिने लागले. कारण कागदोपत्री मी एक बाई नव्हतेच, दोन होते.

झाले असे की माझे लग्न १९९९ साली झाले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात माझे नाव बदलले. नुसते आडनाव नव्हे, सगळेच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. पुढे वडिलांनी माझ्या नावे थोडी ठेव ठेवली, तेव्हा शाळेच्या दाखल्यावरून पॅन कार्ड काढले, ते माहेरच्या नावाचे. आधार काढले रेशनकार्डावरून, ते सासरच्या नावाचे. आणि उद्यमला आधार नि पॅन दोन्ही लागतात, आणि दोन्हीकडे माणूस एकच दिसावा लागतो. शिवाय आधाराला फोन जोडलेला होता तो यांचा जुना, जो पुराच्या पाण्यात गेला.

पहिल्यांदा फोन. स्वतःच्या नावाचे सीमकार्ड घेतले आणि आधार केंद्रावर गेले. तेव्हा ५० रुपये फी होती. तिथे बोटाचा ठसा घेतात. माझा उठेना. एक बोट, दुसरे बोट, डावा हात, उजवा हात. मिरची निवडून आणि पीठ चाळून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. तो मुलगा बिचारा म्हणाला, "काकू, हात धुऊन, कोरडे करून, थोडं तेल लावून उद्या या." दुसऱ्या दिवशी करंगळीशेजारच्या बोटाने लाज राखली. ज्यांची हातांची कामे आहेत त्यांनी आदल्या दिवशी राखेने भांडी घासू नयेत, एवढे माझे ऐकून ठेवा.

मग नाव. पॅनवरचे नाव बदलायला पुरावा हवा. मला सांगण्यात आले की सगळेच नाव बदलले आहे, तेव्हा राजपत्रात नावबदल छापून घ्या, म्हणजे पुढे कुठेच अडणार नाही. त्यासाठी लग्नाचा दाखला मागितला. आणि लग्नाची नोंद आम्ही कधी केलीच नव्हती! १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे, पण आमचे लग्न खेड्यात, दारात मांडव घालून झालेले. नोंदीचे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

तर अशी गंमत झाली की लेकीच्या लग्नाची चर्चा व्हायच्या वयात मी आणि हे पुन्हा लग्न लावायला निघालो. अर्जावर तीन साक्षीदार लागतात, पुरोहिताची सही लागते, लग्नपत्रिका जोडावी लागते. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत सापडली, पुरातून ट्रंक वाचली म्हणून. गुरुजी थकलेले होते, त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली आणि हळूच मला एकटीला विचारले, "पोरी, आता नोंद कशाला? काही भांडण-बिंडण तर नाही ना?" मी म्हटले, "नाही गुरुजी, भाजणीसाठी." त्यांना काय कळले कोण जाणे, पण सही केली. कचेरीत आमच्या आधी एक नवे जोडपे होते, हातात गुच्छ घेऊन. आमच्या हातात भाजीची पिशवी. यांनी बाहेर आल्यावर मला गजरा घेऊन दिला. तो मात्र १९९९ नंतरचा पहिलाच.

राजपत्र छापून आले त्यात 'जुने नाव' म्हणून माझे माहेरचे नाव होते. वडिलांनी ठेवलेले, आईने हाक मारलेले. ते असे 'जुने' म्हणून छापलेले पाहिले तेव्हा क्षणभर हात थांबला. असो.

मग पॅनची दुरुस्ती, तिला १०७ रुपये लागले. मग पॅन आणि आधार जोडायचे. ते जून २०२२ पर्यंत केले असते तर एवढा भुर्दंड नव्हता, पण १ जुलै २०२२ पासून १,००० रुपये दंड झाला होता, तो भरला. ३० जून २०२३ नंतर न जोडलेले पॅन निकामी होणार होते, त्याच्या आत जमले हेच नशीब. या सगळ्यात सात महिने गेले. सांगायचे कारण एवढेच की ज्यांची नावे लग्नात बदलली आहेत त्यांनी धंदा करायचा असो वा नसो, आधी आधार नि पॅन शेजारी शेजारी ठेवून बघावे. अक्षर न् अक्षर बघावे. काना-वेलांटीचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करावा.

जून २०२३ मधली ती रात्र. स्वयंपाकघर आवरले, ओटा पुसला आणि त्याच ओट्यावर लेकीचा लॅपटॉप ठेवला. ती म्हणाली, "आई, मी भरते." मी म्हटले, "तू नुसतं वाच आणि अर्थ सांग. दाबणार मी." इंग्रजी मला अक्षरे जुळवून वाचता येते, अर्थ लागत नाही. पण प्रश्न काही अवघड नव्हते. आधार क्रमांक आणि नाव घातले, माझ्या फोनवर आकडे आले. माझ्या, बरे का. पॅन घातले, जुळले. संस्थेचा प्रकार विचारला, तिथे 'एकल मालकी'. धंद्याचे नाव, पत्ता, बँकेचे खाते, कामाचा प्रकार, तिथे 'उत्पादन'. मग प्रत्येक धंद्याला एक पाच आकडी अंक असतो, तो यादीतून निवडायचा. मसाला दळणे-कुटणे वेगळा, पापडासारखे पदार्थ वेगळा. एकाहून जास्त निवडता येतात, म्हणून घाई न करता यादी वाचावी. कामाला माणसे किती, त्यांत पुरुष किती, स्त्रिया किती. मी लिहिले, पुरुष शून्य. लेक हसली. यंत्रांची किंमत विचारतात. घरघंटी, तराजू, पाकिटाचे यंत्र मिळून पस्तीस हजारांच्या आतच होते. आणि सूक्ष्म उद्योगाची मर्यादा किती, तर १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी! म्हणजे आपण सगळ्याजणी मिळून कितीही भाजणी भाजली तरी सूक्ष्मच राहणार. कागद एकही जोडावा लागत नाही, आपण सांगू ते खरे धरतात. म्हणून खोटे लिहू नये.

एका प्रश्नाशी मी अडले. धंदा केव्हा सुरू झाला? लेक म्हणाली, "आजची तारीख टाक." मी म्हटले, "नाही, २०११." तिने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. मी एकेक आकडा शोधून दाबला.

आणि धंद्याचे नाव? ते काय घातले ते इथे सांगत नाही, पाकिटावर तुम्ही रोज वाचता. काहीजणींनी मला विचारले होते की हे नाव कुणाचे. ते माझे माहेरचे नाव. राजपत्रात 'जुने' झाले, म्हणून इथे नवे करून घेतले. एकल मालकीच्या धंद्याला आपल्याला हवे ते नाव देता येते, त्याला कुणाची हरकत नाही. प्रमाणपत्रावर त्याच्या आधी 'मेसर्स' लागून आले. यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागताना, "मेसर्स, चहा मिळेल का?" अशी हाक मारली.

एकूण खर्च शून्य रुपये. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, तेव्हापासून तिला फी नाही. दरवर्षी नवी करावी लागत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. त्याच्यासारखीच दिसणारी खासगी दुकाने फोनवर पुष्कळ उघडलेली आहेत, अशोकचक्रासारखे चित्र लावून, आणि शोधल्यावर तीच आधी वर येतात. पैसे मागितले की ओळखावे आणि बंद करावे. आणि फोनवर आलेले आकडे कुणालाही वाचून दाखवू नयेत. नवऱ्याने झेरॉक्सवाल्याला तर नाहीच नाही.

उद्यम झाले म्हणजे सगळे झाले असे नाही. खाण्याचा जिन्नस विकणाऱ्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. हा कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, म्हणजे मी सुरुवात केली त्याच वर्षी, आणि मी बारा वर्षे त्याच्यावाचून माल विकला. हे सांगायला लाज वाटते, पण खरे ते खरे. मी केली तेव्हा, २०२३ साली, वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला नुसती नोंदणी पुरे होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. तोही अर्ज घरबसल्या भरला. फोटो, ओळखपत्र, जागेचा पत्ता, काय बनवता त्याची यादी. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा आणि जिथे काम करतो तिथे लावायचा. त्या नोंदणीबरोबर स्वच्छतेचे नियम येतात, ते वाचून घ्या. केस झाकणे, पाणी, झाकणाची भांडी. आपल्या सासवांनी शिकवलेलेच आहे निम्मे, फक्त आता ते कुणी तपासायला येऊ शकते.

दुकाने-आस्थापनांचा महाराष्ट्राचा नवा कायदा २०१७ चा. जुन्या १९४८ च्या कायद्यात लहानमोठ्या सगळ्यांना नोंद करून ती पुन्हा पुन्हा नवी करावी लागे. आता आपल्यासारख्या दोन-तीन माणसांच्या कामाला नोंदणीची गरज नाही, कामगार खात्याला ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची. पोच म्हणजेच बँकेला लागणारा दुसरा कागद. पाटी लावणार असाल तर ती मराठीत, देवनागरीत हवी, हे वेगळे सांगायला नको.

पाकिटावर काय काय छापायचे ते तराजूवाल्याने मला शिकवले. जिन्नसाचे नाव, आत काय काय आहे, वजन, किंमत, केव्हा बनवले, केव्हापर्यंत चांगले, आपला पत्ता, आणि शाकाहाराचे हिरवे वर्तुळ. तराजू शासनाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि पाकीटबंद माल विकणाऱ्याने २०११ च्या नियमांप्रमाणे वैध मापनशास्त्र खात्याकडेही नाव नोंदवायचे असते. हे मला कोणी सांगितले नव्हते.

जीएसटीबद्दल मात्र उगीच घाबरू नका. मला एकाने सांगितले की तो नंबर नसेल तर तुरुंगात टाकतात! राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत तो लागत नाही, २०१९ पासून ही मर्यादा आहे. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा झाला की गोष्ट वेगळी. निपाणीच्या ऑर्डरी मी याच कारणाने घेत नाही. १९७५ च्या कायद्याचा व्यवसायकर आणि आयकर यांचे मात्र मी एका करसल्लागाराला रीतसर फी देऊन विचारून घेतले. सगळेच स्वतः करायचा हट्ट नको. ज्याला खरोखर ज्ञान आहे त्याला त्याचे पैसे द्यावेत. फुकटच्या अर्जाला २,५०० देऊ नयेत, एवढेच.

अजून एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरे झाले असते. एकल मालकीत बाई आणि धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच. नफा सगळा आपला, पण कर्ज झाले तर तेही आपल्याच अंगावर, उद्या घरातल्या दागिन्यापर्यंत येऊ शकते. म्हणून कर्ज काढताना कुवत बघून काढावे. दोघी-तिघींनी मिळून करायचे असेल तर भागीदारी, १९३२ च्या कायद्याची. कितीही जिवाभावाच्या मैत्रिणी असोत, कुणाचे किती पैसे, कुणाचा किती वाटा, एकीने सोडले तर काय, हे मुद्रांकपत्रावर लिहा आणि भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदवा. नोंद सक्तीची नाही, पण न नोंदवलेल्या भागीदारीला पैसे बुडवणाऱ्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. आपल्याच मंडळातल्या दोन मैत्रिणी दिवाळीच्या फराळाच्या हिशेबावरून तीन वर्षे बोलत नाहीत. त्या दोघीही आज इथे आहेत, मी नावे घेत नाही. काही लिहिलेले असते तर बरे झाले असते, नाही का?

त्या दुकानदाराने धनादेश बदलून दिला आणि तो नव्या खात्यात जमा झाला. दुसऱ्या एकाकडे माझे ८,४०० रुपये चार महिने अडकले होते. दर खेपेस "पुढच्या आठवड्यात, वहिनी." मी छापील बिल केले, वर उद्यमचा क्रमांक, खाली ४५ दिवसांच्या नियमाची एक ओळ, सौम्य शब्दांत. लेकीने लिहून दिली. त्यांनी बिल दोनदा वाचले आणि गल्ल्यातून पैसे काढून दिले. "वहिनी" जाऊन "ताई" झाले होते. मला त्यांच्याशी भांडायचे नव्हतेच. आजही माल देते, पंधरा दिवसांत पैसे येतात.

आता मुद्द्याचे. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे, चिटणीसबाईंनी किल्ली दिली आहे. येताना आधार, पॅन, शाळेचा दाखला असला तर तो, आणि बँकेचे पासबुक आणा. फोन स्वतःचा आणा, चार्ज करून आणा. आधाराला यांचा नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदलून मगच या, नाहीतर एक बुधवार फुकट जाईल. बटणे मी दाबणार नाही, शेजारी बसेन. चहा मंडळाचा, बिस्किटे आपापली.